गालाचें अस्तर

दिग्रस हें यवतमाळ जिल्ह्यांतील कापसाच्या मुलखांतलें गांव. यवतमाळहून दारव्ह्यावरून पुसदकडे जाणाऱ्या वाटेवर तें लागतें. भोंवतालच्या काळ्या जमिनींत कापूस, तूर व सोयाबीन पिकतें. हंगामांत कापसाची गाडी बाजारांत आली म्हणजे जाणता खरेदीदार ढिगाच्या आकारावर भुलत नाहीं. तो मूठभर कापूस उचलतो, चिमटींत धरून त्याचा तंतु ओढून पाहतो, त्याची लांबी व बळ अजमावतो, आणि मगच भाव बोलतो. कापड कसें निघेल तें तंतूंत व विणींत ठरतें, हें कापसाच्या मुलखांत कोणास निराळें सांगावें लागत नाहीं.

मनुष्याच्या शरीराविषयीं मात्र ही साधी गोष्ट ध्यानांत यावयास फार काळ लागला. हात, पाय, काळीज, यकृत हीं इंद्रियें पुरातन काळापासून माहीत होतीं. पण तीं कशाचीं घडलीं आहेत, या प्रश्नाला ‘मांसाचीं’ यापलीकडे उत्तर नव्हतें. फ्रान्समध्यें झाव्हिये बिशा नांवाचा एक तरुण वैद्य होऊन गेला. तो १७७१ सालीं जन्मला व अवघ्या तिसाव्या वर्षीं, १८०२ सालीं, मरण पावला. एवढ्या अल्प आयुष्यांत त्यानें शेंकडों प्रेतांचें विच्छेदन करून असें दाखविलें कीं, निरनिराळीं इंद्रियें निराळ्या द्रव्यांचीं नसून त्याच त्या कांहीं मोजक्या ‘वस्त्रां’चीं विणलेलीं आहेत. त्यानें एकवीस प्रकार मोजले, आणि तेही सूक्ष्मदर्शकाचा उपयोग न करतां. या वस्त्रांना त्यानें जो शब्द योजला त्याचा फ्रेंच भाषेंतील अर्थ ‘विणलेलें’ असाच आहे. इंग्रजींतील टिश्यू हा शब्द त्यावरूनच आला. मराठींत त्यासाठीं योजलेला ‘ऊति’ हा शब्दही संस्कृतांतील विणण्याचा अर्थ असलेल्या धातूवरूनच साधला आहे. पुढें १८३८ व १८३९ या दोन वर्षांत श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनीं वनस्पति व प्राणी यांचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं असल्याचें प्रतिपादन केलें, आणि या वस्त्राचा धागा कोणता हें कळून आलें.

आज शरीरांतील पेशींचे दोनशेंहून अधिक प्रकार ओळखले जातात. परंतु विणीचे मुख्य प्रकार चारच मानितात. पृष्ठभाग झांकणारी ती अभिस्तर ऊति. सर्वांना जोडणारी व आधार देणारी ती संयोजी ऊति. आकुंचन पावून हालचाल करणारी ती स्नायु ऊति. आणि संदेश वाहणारी ती चेता ऊति. हे चारही प्रकार एकत्र पाहावयाचे असतील तर फार दूर जावयास नको. प्रत्येकाच्या गालाची जाडी म्हणजे या चारही विणींचा एकावर एक रचलेला नमुना आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेंत मुलें एक सोपा प्रयोग करितात. चूळ भरून झाल्यावर स्वच्छ काडीच्या बोथट टोंकानें गालाची आंतली बाजू हलकेंच घांसावयाची, काडीला लागलेला ओलावा कांचपट्टीवर पसरावयाचा, त्यावर मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगाचा थेंब टाकावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचें. फरशीच्या तुकड्यांसारख्या, पातळ व वेड्यावांकड्या कडांच्या पेशी दिसूं लागतात. प्रत्येकीच्या मध्यभागीं गडद निळा ठिपका असतो, तें तिचें केंद्रक. अशी एक पेशी सुमारें साठ मायक्रॉन रुंद असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. तेव्हां या पेशीची रुंदी डोक्याच्या केंसाच्या जाडीच्या जवळपास येते. घांसतांना ना दुखतें, ना रक्त येतें. कारण त्या पेशी गळून पडण्याच्याच बेतांत असलेल्या असतात.

पण सुट्या पेशी पाहणें म्हणजे सुटे धागे पाहणें. वीण पाहावयाची तर कापडाचा आडवा छेद घ्यावा लागतो. वैद्यकांत ही विद्या कलेच्या पदवीस पोंचली आहे. संशयित जागेंतून तुरीच्या डाळीएवढा तुकडा काढून तो फॉर्मलिनमध्यें टाकितात, म्हणजे तो कुजत नाहीं. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यांतील पाणी काढितात, आणि वितळलेल्या मेणांत बुडवून त्याची वडी करितात. या वडीचे मायक्रोटोम नांवाच्या यंत्रावर चार ते पांच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एका मिलिमीटरांतून असे दोनशें काप सहज निघतील. एवढ्या पातळ कापाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, म्हणून तो रंगवावा लागतो. त्यासाठीं रूढ असलेल्या दोन रंगांपैकीं हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या गाभ्याच्या लांकडापासून निघतो, आणि एके काळीं त्याच लांकडाच्या अर्कानें कापड रंगवीत. रंगारी कापडावर रंग बसावा म्हणून तुरटी वापरतो, तशीच येथेंही तुरटी वापरितात. या रंगानें पेशींचीं केंद्रकें निळसर जांभळीं होतात. इओसिन या दुसऱ्या, कृत्रिम रंगानें बाकीचा भाग गुलाबी होतो. आजच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागांत, यवतमाळ असो कीं मुंबई, दररोज पाहिल्या जाणाऱ्या कांचपट्ट्या बहुतेक याच दोन रंगांच्या असतात.

गालाचा असा छेद भिंगाखालीं ठेविला म्हणजे सर्वांत वर अभिस्तर दिसतो. त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. पण त्यांत पेशींच्या चाळीस-पन्नास ओळी एकीवर एक रचलेल्या असतात. सर्वांत खालच्या ओळींतील पेशी उभट, दाटीनें बसलेल्या आणि गडद केंद्रकांच्या असतात; येथेंच नव्या पेशी जन्माला येतात. जन्मलेली पेशी वर ढकलली जाते; वर येतां येतां ती पसरट होते, आणि अखेर पृष्ठभागावरून लाळेंत गळून पडते. हा प्रवास साधारणतः दोन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे गालाचें आंतलें अस्तर महिन्यांतून दोनदां तरी नवें होतें! कढत चहानें तोंड भाजलें तरी तें चार-आठ दिवसांत बरें होतें, त्याचें रहस्य या खालच्या ओळींत आहे.

पृष्ठभागाचें काम बदललें कीं अभिस्तराची वीणही बदलते. बाहेरच्या त्वचेला ऊन, वारा व घर्षण सोसावयाचें असतें. म्हणून तिच्या वरच्या पेशी मरून केराटिन या चिवट द्रव्याच्या खपल्या बनतात. टाळूचा पुढला भाग व हिरड्या यांवर चावण्याचा भार पडतो, तेव्हां तेथेंही असेंच कठीण आवरण असतें. गालाला मात्र फुगावयाचें व ताणावयाचें असल्यामुळें त्याचें अस्तर मऊ व ओलें ठेविलें आहे. आंतड्याला अन्नरस शोषावयाचा आहे. तेथें पेशींची एकच ओळ पुरते, व ती चार-पांच दिवसांतच पालटते. फुप्फुसाच्या वायुकोशांत तर हवा व रक्त यांमधील पडदा जागोजागीं एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. सुश्रुताच्या शारीरस्थानांत त्वचेचे सात थर सांगून ते दुधावर येणाऱ्या सायीप्रमाणें बनतात अशी उपमा दिली आहे. भिंगाचें साहाय्य नसतांना पृष्ठभाग हा एकसंध नसून थरांचा आहे, एवढें ओळखणारी ती दृष्टि कौतुकास्पदच म्हटली पाहिजे.

अभिस्तराच्या तळाशीं एक अतिशय पातळ आधारपटल असतें. ही या वस्त्रांतील मर्यादेची रेषा होय. निरोगी अवस्थेंत वरच्या पेशी ही रेषा ओलांडून खालीं उतरत नाहींत.

रेषेच्या खालीं संयोजी ऊतीचें राज्य सुरू होतें, आणि या कथेचा मुख्य भाग येथेंच घडतो. येथें पेशी विरळ असतात. त्यांच्या भोंवतीं त्यांनींच निर्माण केलेले तंतु पसरलेले असतात. तंतुजनक पेशी या इथल्या विणकर होत. त्या कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे धागे बाहेर टाकितात. या धाग्यांना ताण फार सोसतो. स्नायूला हाडाशीं बांधणारा कंडरा मुख्यतः त्यांचाच असतो. त्यांच्या जोडीला दुसरे लवचीक तंतु असतात, ते ताण सुटतांच पूर्ववत् होतात. गालांत या दोहोंची वीण सैल ठेविलेली असते. तिच्यांतून केशवाहिन्या जातात. त्यांचा व्यास इतका लहान कीं साडेसात मायक्रॉनच्या तांबड्या रक्तपेशींना पुष्कळदां एकामागून एक जावें लागतें. अभिस्तराला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्याचें सर्व पोषण खालच्या या वाहिन्यांतून झिरपून वर येतें. जमिनींत ओल नसेल तर वरचें पीक वाळतें. अभिस्तर व संयोजी ऊति यांचा संबंध तसाच आहे.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. कोलॅजेन एकदां विणून ठेविलें म्हणजे काम संपलें असें होत नाहीं. जुने धागे कापून टाकणारीं रसायनेंही शरीर तयार करीत असतें, आणि विणणें व उसवणें या दोन्ही क्रिया अखंड चालूं असतात. उसवणें बंद पडलें तर वस्त्र दाट व आंखूड होत जाईल; विणणें बंद पडलें तर तें विरेल. निरोगी ऊति म्हणजे स्थिर वस्तु नव्हे. ती या दोन क्रियांचा तोल आहे.

याच्याही खालीं स्नायूचे पट्टे दिसतात. गालाच्या स्नायूचे तंतु लांबट असून त्यांवर आडव्या रेघा असतात, आणि ते इच्छेनुसार आकुंचन पावतात. घांस दाढांखालीं ढकलणें, शीळ घालणें, फुंकर मारणें हीं कामें त्याचीं. सरतेशेवटीं, या सर्व थरांतून जाणारे चेतातंतु. गालाला शिवलेलें, पोळलेलें, टोंचलेलें मेंदूपर्यंत पोंचवावयाचें तें एका चेतेनें. स्नायूला हालण्याची आज्ञा आणावयाची ती दुसरीनें. असा हा चार प्रकारच्या विणींचा मेळ प्रत्येक घांसाबरोबर, प्रत्येक शब्दाबरोबर न कुरकुरतां ताणला जातो व सैल होतो, म्हणून त्याची आठवणही कोणाला होत नाहीं.

आतां पुनः दिग्रसच्या बाजारांत आलें पाहिजे. कापूस पारखणाऱ्या त्या खरेदीदाराच्या, किंवा त्याच्या गाडीवानाच्या गालांत त्या वेळीं काय असतें, हें पाहण्यासारखें आहे. विदर्भांतील इतर गांवांप्रमाणें येथेंही पानठेल्यावर खर्रा ओळखीचा आहे. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना हीं एका पन्नींत घालून चांगलीं घोटावयाचीं, म्हणजे खर्रा तयार होतो. त्याची चिमूट गाल व दांत यांच्यामधील खांचेंत ठेवून तासन्‌तास तिचा रस घेतला जातो. काम करणाऱ्याला भूक लागत नाहीं, झोंप येत नाहीं, असें सांगतात. आणि पाहुण्यापुढें तो करणें हा आतिथ्याचाही भाग होऊन बसला आहे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटखा व पानमसाला यांवर बंदी आली आणि पुढें सुगंधित तंबाखू व सुपारीही बंदींत आली; तरी संवय कायद्याच्या वेगानें मोडत नाहीं. २०१६-१७ मधील राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा २४.४ माणसें धूररहित तंबाखूचें कोणत्या ना कोणत्या रूपांत सेवन करीत असल्याचें आढळलें.

गालाच्या खांचेंत ठेविलेल्या त्या चिमटीखालीं काय घडतें? प्रथम, सुपारीचा खरबरीतपणा व चुन्याचा दाह यांनीं अभिस्तराला सूक्ष्म जखमा होतात. त्यांतून सुपारींतील अरेकोलिन हें अल्कलॉइड खालच्या संयोजी ऊतींत उतरतें. चुन्यामुळें त्याचें रूपांतर होऊन आणखीही द्रव्यें बनतात. हीं द्रव्यें तंतुजनक पेशींना उत्तेजन देतात, आणि विणकर प्रमाणाबाहेर विणूं लागतात. सुपारींतील टॅनिनें कोलॅजेनच्या धाग्यांना अशीं चिकटतात कीं उसवणारीं रसायनें त्यांना कापूं शकत नाहींत. कच्चें चामडें कमावतांना टॅनिनें हेंच करितात. बाभळीच्या सालीनें चामडें कमावणाऱ्यास तें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. याखेरीज सुपारींत तांब्याचा अंश असतो. कोलॅजेनच्या धाग्यांत आडवे टांके घालणारें जें विकर शरीरांत असतें, त्याचें काम तांब्यानें वाढतें. एकूण परिणाम असा कीं विणणें वाढलें, उसवणें थांबलें, आणि जें विणलें गेलें तें पक्क्या टांक्यांनीं शिवलें गेलें. तोल तिन्ही बाजूंनीं ढळला.

ज्याच्या तोंडांत हें चालूं असतें त्याला आरंभीं केवळ एवढेंच जाणवतें कीं तिखट सोसत नाहीं. ठेचा-भाकर ज्याचें रोजचें अन्न, त्या विशी-पंचविशीच्या तरुणाला भाजीचा रस्साही झोंबूं लागतो. पोषण तुटल्यामुळें अभिस्तर पातळ झालेला असतो. वरचें पीक वाळूं लागलेलें असतें. मग गालाचा आंतला गुलाबी रंग जाऊन तेथें संगमरवरासारखा फिकेपणा येतो, कारण दाट झालेल्या कोलॅजेननें केशवाहिन्या आंवळल्या जातात. बोटानें चांचपलें तर गालांत उभे ताठ पट्टे लागतात. जीभ पूर्वींइतकी बाहेर येत नाहीं, शीळ वाजत नाहीं. अखेर खालचे स्नायुतंतुही या वेढ्यांत सांपडून क्षीण होतात, आणि तोंड उघडेनासें होतें. निरोगी प्रौढ मनुष्याच्या तोंडांत वरच्या व खालच्या दांतांमध्यें त्याचीं स्वतःचीं तीन बोटें उभीं मावतात. येथें दोन मावत नाहींत; पुढें एकही मावत नाहीं. भाकरीचा घांस मोडून मोडून लहान करावा लागतो. दांत दुखला तर वैद्याचें साधनही आंत जात नाहीं.

आणि चौथी वीण? चेता ऊतींत एका पेशीचा संदेश दुसरीकडे नेणारें असेटिलकोलीन नांवाचें द्रव्य असतें. तंबाखूंतील निकोटिन व सुपारींतील अरेकोलिन हीं दोन्ही त्या द्रव्याच्या कुलपांत बसणाऱ्या बनावट किल्ल्या आहेत. त्यांनीं मेंदूंत क्षणिक हुशारी उत्पन्न होते, आणि ती ओसरतांच पुनः मागणी होते. म्हणून संवय सोडूं न शकणाऱ्याला केवळ निश्चयाचा दुबळा म्हणून हिणविणें शास्त्राला धरून नाहीं. त्याच्या एका ऊतीचा दुसरीविरुद्ध उपयोग केला गेलेला असतो.

या विकाराला मुखांतील अवश्लेष्मल तंतुमयता असें लांबलचक नांव आहे. त्याचें आधुनिक वैद्यकांतील पहिलें वर्णन १९५२ सालीं श्वार्ट्झ यांनीं केलें, आणि तें भारतांत नव्हे, तर आफ्रिकेंत नैरोबी येथें राहणाऱ्या पांच भारतीय स्त्रियांच्या तोंडांचें. माणसें समुद्रापार गेलीं, तशी सुपारीही त्यांच्याबरोबर गेली होती. पुढच्याच वर्षीं, १९५३ मध्यें, मुंबईचे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ डॉ. एस्. जी. जोशी यांनीं मुंबईच्या रुग्णांवरून या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यापूर्वींच मुंबईंत या दिशेनें मोठें काम सुरू झालें होतें. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकरांनीं (१८९५-१९७८) भारतांत विकृतिशास्त्राचा पाया घातला. १९४४ सालीं त्यांनीं मुंबईंतील मुखकर्करोगाच्या ओळीनें एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कोणत्या समाजांत कर्करोग कोणत्या अवयवाला होतो, हें त्या समाजाच्या चालीरीतींशीं निगडित असतें, हा विचार त्यांनीं आयुष्यभर पुढें मांडला. कांचपट्टीवरील पेशींचा अर्थ लावावयाचा तर बाजारांतील व घरांतील संवयींकडेही पाहिलें पाहिजे, हा त्यांच्या कामाचा धडा होय.

कर्करोगाचा उल्लेख येथें उगाच आलेला नाहीं. पातळ झालेल्या अभिस्तराच्या खालच्या ओळींत नव्या पेशींचा जन्म चालूंच असतो, आणि त्यांच्यावर तंबाखू व सुपारी यांतील घातक द्रव्यांचा मारा होत असतो. प्रत्येक वेळीं पेशी दुभंगतांना तिच्या केंद्रकांतील आज्ञापत्राची नक्कल होते. नकलेंत चुका सांचत जातात. मग भिंगाखालीं वेगळें दृश्य दिसूं लागतें. ओळींची शिस्त बिघडते; केंद्रकें मोठीं, गडद व वेडींवांकडीं होतात; जे विभाजन तळच्या ओळींत व्हावयाचें तें वरच्या ओळींतही होऊं लागतें. या अवस्थेंतही आधारपटलाची रेषा शाबूत असेल तर त्याला कर्करोग म्हणत नाहींत. ज्या दिवशीं पेशींचा एखादा झुपका ती रेषा फोडून खालीं उतरतो, त्या दिवशीं तो कर्करोग होतो. कारण खालीं रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या आहेत, आणि तेथून शरीरांतील सर्व वाटा मोकळ्या आहेत. सर्वच रुग्णांची गति अशी होते असें नाहीं. केरळांतील एर्नाकुलम जिल्ह्यांत मुखतंतुमयतेच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षें लक्ष ठेविलें असतां त्यांपैकीं शेंकडा ७.६ जणांना कर्करोग झाल्याचें १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. शंभरांतून सात-आठ हा आंकडा ज्यांना लहान वाटेल, त्यांनीं तो एका गांवांतील तरुणांना लावून पाहावा.

परत फिरण्याची वाट कोठें आहे, याचेंही उत्तर ऊतींच्या स्वभावांतच सांपडतें. अभिस्तर दोन आठवड्यांत नवा होणारा. म्हणून घर्षणानें व दाहानें झालेले त्याचे आरंभीचे बदल, तसेच कांहीं पांढरे चट्टे, संवय सुटल्यावर मावळूं शकतात. कोलॅजेनची गोष्ट निराळी. एकदां टांके पक्के झालेले धागे सहसा आपोआप उसवत नाहींत. तोंड उघडण्याचे व्यायाम, गालांत द्यावयाचीं इंजेक्शनें, आणि बळावलेल्या विकारांत पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया यांनीं तोंड कांहीं अंशीं मोकळें होतें. पण पूर्वींचा सैल, मऊ गाल परत येईल अशी ग्वाही कोणी देऊं शकत नाहीं. संवय सोडल्यानें विकाराची चाल थांबण्याची आशा असते, आणि ती जितक्या लौकर सुटेल तितकें जें राखावयाचें तें अधिक उरतें. गेलेलें परत मिळविण्यापेक्षां उरलेलें राखणें, हाच येथें खरा उपचार आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांना ही कथा दूरच्या बाजाराची वाटण्याचा संभव आहे. खर्रा त्यांच्या घरांत नसेल; पण सुपारी असते. जेवणानंतरची बारीक कातरलेली सुपारी, प्रवासांत मुलांच्या हातीं दिली जाणारी गोड सुपारीची पुडी, ‘तंबाखू नाहीं, नुसती सुपारीच आहे’ हें समाधान, या सर्वांकडे वरील माहितीच्या उजेडांत पुनः पाहिलें पाहिजे. विणकरांना चाळविणारें अरेकोलिन, चामडें कमावणारीं टॅनिनें आणि टांके घालणारें तांबें हीं तिन्ही तंबाखूंत नव्हेत, सुपारींत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तंबाखूविरहित सुपारीचीही गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. पूजेच्या तबकांतील सुपारीला कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. गणपति म्हणून ती पाटावर मांडावी. प्रश्न ती गालांत ठेवण्याचा आहे.

परीक्षा घरच्या घरीं होण्यासारखी आहे. आरशासमोर उभें राहून तोंड पूर्ण उघडावें. तीन बोटें उभीं आंत जातात कीं नाहीं तें पाहावें. दिव्याच्या उजेडांत गालाच्या आंतला रंग गुलाबी आहे कीं फिका, न भरणारी जखम वा चट्टा कोठें आहे कीं काय, हें न्याहाळावें. दोन आठवडे उलटूनही जें बरें होत नाहीं तें दंतवैद्याला दाखवावें. कारण दोन आठवडे ही मुदत मनुष्यानें ठरविलेली नसून गालाच्या अस्तरानें स्वतःच घालून दिलेली आहे. तेवढ्या काळांत त्याचें वस्त्र नवें होतें. झालें नाहीं, तर विणींत कोठें तरी बिघाड आहे असें समजावें.

दिग्रसचा तो खरेदीदार कापसाचा तंतु चिमटींत धरून ओढतो, आणि हलका माल असेल तर ढिगाकडे पाठ फिरवितो. तीच चिमूट पुढच्या क्षणीं पन्नींतला घोटलेला खर्रा उचलते. बाहेरच्या तंतूची एवढी पारख ज्या बोटांना आहे, त्यांना गालाच्या आंतील तंतूचीही ओळख झाली, तर तीं बोटें कदाचित् मध्येंच थबकतील.